मरण मोजणं सोपं असतं

शेतात जी केमिकल्स वापरली जातात त्यांचं पुढे रानातल्या आणि पाण्यातल्या जिवांवर काय होतं ते बघायचं, हे माझं काम. ते कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग किती मरतात त्याने?" प्रश्न चुकीचा नाहीये. आमचं सगळं शास्त्रच या प्रश्नापासून सुरू झालंय आणि खरं सांगायचं तर अजूनही बऱ्यापैकी तिथेच घुटमळतंय, म्हणूनच त्यावर जरा निवांत लिहावंसं वाटलं.

१९२७ साली ट्रेवन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने औषधांचा जोर मोजायला एक पद्धत काढली. ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शोधायची, तिला म्हणायचं एलडी-५०. इन्सुलिन, डिजिटॅलिस अशा औषधांची ताकद एका बॅचपासून दुसऱ्या बॅचला बदलायची, ती ठरवायला ही मोजणी होती. पुढे हाच आकडा कीटकनाशकांना लावला गेला, मग नदीतल्या माशांना, मग पक्ष्यांना, आणि आता तो इतका रुळलाय की तो मुळात कशासाठी काढला होता हे कुणाला आठवतही नाही. पाण्यातल्या टेस्टमध्ये डॅफ्निया नावाचा पाण्यातला बारीक पिसू ४८ तास ठेवतात आणि किती हलायचे थांबले ते मोजतात, मासे ९६ तास ठेवतात आणि किती मेले ते मोजतात. चार दिवसांत उत्तर मिळतं. आकडा स्वच्छ येतो, दोन केमिकल्सची तुलना करता येते, जगातल्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये तीच टेस्ट केली तर साधारण तेच उत्तर येतं, आणि हे सगळं फार मोलाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये.

पण या टेस्ट ज्यांनी हाताने केल्यात त्यांना डेटाशीटमधला शेवटचा कॉलम माहीत असतो. रिमार्क्सचा. टाकीतला मासा जिवंत आहे म्हणून "जिवंत" मध्ये मोजला जातो, आणि शेजारच्या रिमार्क्समध्ये आपण लिहितो, सुस्त. तळाशी बसून आहे. तिरका पोहतोय. खायला टाकलं तर लक्ष नाही. मी असे किती शेरे लिहिलेत त्याची मोजदाद नाही, आणि रिपोर्टमध्ये जो आलेख जातो त्यात यातलं काहीच नसतं कारण आलेखाला फक्त जिवंत आणि मेलेले एवढंच कळतं. आता तो तिरका पोहणारा मासा लॅबच्या टाकीत जगेल, कारण तिथे त्याला खायला येणारं कोणी नाही. नदीत मात्र तो अर्धा तास टिकणार नाही. त्याला बगळा उचलेल, आणि केमिकलने मेलेल्यांच्या यादीत तो कधीच येणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शेतातल्या विषांचं जे सगळ्यात मोठं नुकसान आहे ते प्रेतांमध्ये दिसत नाही. ते रोजच्या साध्या गोष्टी बिघडण्यात असतं, वाट न सापडणं, उशीर होणं, भूक न लागणं, अंड्याचं कवच जरासं पातळ होणं. आणि हे सगळं मोजायला आपल्याकडे पद्धती आहेत, चांगल्या आहेत, लोकांनी आयुष्य घालून बनवल्यात, फक्त एखाद्या केमिकलला बाजारात यायची परवानगी देताना आपण त्यांच्याकडे पुरेसं बघत नाही.

अंड्यांचीच गोष्ट घ्या. ब्रिटनमध्ये १९६० च्या आसपास कबुतरं पाळणाऱ्या लोकांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार माजलेत, आमची शर्यतीची कबुतरं खातात, काहीतरी करा. म्हणून ससाण्यांची मोजणी करायचं काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्ग-अभ्यासकाकडे आलं, आणि मोजणी केली तर उलटंच निघालं, ससाणे माजले वगैरे काही नव्हते, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जेवढे होते त्याच्या निम्म्याहून कमी उरले होते. आणि ज्या कड्यांवर जोड्या होत्या तिथे घरट्यांमध्ये फुटलेली अंडी होती. आईच्याच वजनाखाली फुटलेली.

मग या माणसाने जे केलं ते मला आमच्या सगळ्या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. त्या देशात अंडी गोळा करायचा छंद असलेले लोक पिढ्यानपिढ्या होते, आतलं काढून रिकामी केलेली कवचं, त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली, कपाटांमध्ये रचून ठेवलेली. रॅटक्लिफने ती कवचं तोलली, लांबी-रुंदी मोजली, आणि वजनाला आकाराने भागून एक साधा निर्देशांक काढला. कवच न फोडता त्याची जाडी कळायचा तो मार्ग होता. वर्षांनुसार ते मांडलं तर दशकानुदशकं रेघ सरळ जाते आणि १९४७ च्या आसपास धाडकन खाली येते, साधारण पाचव्या हिश्शाने, आणि खालीच राहते. डीडीटी हे कीटकनाशक शेतात आणि इतरत्र सर्रास वापरायला सुरुवात झाली ती दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच. हा पेपर १९६७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत हिकी आणि अँडरसन यांनी तिकडच्या पक्ष्यांमध्ये तेच दाखवलं. डीडीटी शरीरात मोडून डीडीई बनतं, ते चरबीत साठतं, आणि मादीच्या कवच बनवणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियम पोचण्यात अडथळा आणतं. मादी ठणठणीत असते. उडते, शिकार करते, जोडी जमवते, अंडी घालते, अंड्यांवर बसते.

यात एक गोष्ट मला कायम बोचते. कोंबड्या आणि लाव्ह्यांसारख्या पक्ष्यांना डीडीईने हे असं फारसं होत नाही, त्यांची कवचं बऱ्यापैकी तशीच राहतात. म्हणजे लॅबमध्ये सहज पाळता येणाऱ्या पक्ष्यावर टेस्ट केली असती तर सगळं ठीक आहे असाच निकाल आला असता. आपण टेस्ट कुणावर करतो, तर जो पाळायला सोपा, जो पिंजऱ्यात टिकतो, ज्याची पिल्लं वर्षभर मिळतात. आणि जो प्राणी पिंजऱ्यात टिकतो तो बहुतेकदा बाकीच्या बाबतीतही काटकच असतो, निदान मला तरी काम करताना असं वाटत आलंय.

याच गोष्टीचं आणखी भयंकर उदाहरण गिधाडांचं आहे. दक्षिण आशियात १९९० च्या दशकात गिधाडं संपायला लागली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली, आणि बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की हा एखादा रोग असणार. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर पांढरी पावडर पसरल्यासारखी दिसायची, ते युरिक ॲसिड होतं, मूत्रपिंडं बंद पडली की असं होतं. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमने पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून दाखवलं की हे डायक्लोफिनॅक आहे, गुरांना ताप-सूज-दुखणं यासाठी देतात ते साधं वेदनाशामक. गुरांना ते चालतं, माणसांना चालतं. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की खेळ संपला. आणि गणित करून बघितलं तर एवढी मोठी घसरण व्हायला शंभरातल्या एका मेलेल्या जनावरातसुद्धा हे औषध असायची गरज नव्हती, त्याहूनही कमी जनावरं पुरत होती. गिधाडं लांबून लांबून येऊन एका जनावरावर शेकड्यांनी बसतात, म्हणून. पुढे अमेरिकेत टर्की व्हल्चरवर हेच औषध तपासलं, तर तो पक्षी आपल्या गिधाडांना मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपट मात्रा पचवून बसला. दोघांनाही आपण गिधाडच म्हणतो, दोघंही मेलेलंच खातात, पण वंश वेगळा, शरीर वेगळं. म्हणजे "गिधाडावर टेस्ट केली" हे वाक्यसुद्धा पुरेसं नाही. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय सापडला म्हणून ते शक्य झालं, आणि पर्याय शोधणाऱ्या लोकांचं कौतुक दोषी शोधणाऱ्यांइतकंच व्हायला हवं, ते होत नाही.

गिधाडं निदान मेलेली दिसली तरी. आता जे दिसतच नाही त्याकडे येतो.

निऑनिकोटिनॉइड म्हणून कीटकनाशकांचा एक गट आहे, इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, क्लोथियानिडिन ही त्यातली मोठी नावं. ही पाण्यात विरघळतात, झाडात मुळांपासून पानापर्यंत भिनतात, म्हणून फवारण्यापेक्षा बियाण्यालाच लावून पेरायची पद्धत रूढ झाली. ऐकायला ते किती छान वाटतं, फवारा नाही, वाऱ्याने उडणं नाही, जेवढं हवं तेवढंच. प्रत्यक्षात बियाण्याला लावलेल्या औषधातला थोडासाच भाग पिकात जातो, बाकीचं मातीत राहतं आणि तिथून पाण्यात जातं. आणि पेरताना सांडलेलं बी पक्षी टिपतात.

२०१९ मध्ये कॅनडात मार्गारेट एंग, ब्रिजेट स्टचबरी आणि क्रिस्टी मॉरिसी यांनी एक प्रयोग केला. डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी आहे, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो, ती स्थलांतर करते. वाटेत थांबलेल्या या चिमण्या पकडल्या, काहींना इमिडाक्लोप्रिड दिलं, किती, तर औषध लावलेले अगदी मोजके दाणे खाल्ले तर पोटात जाईल एवढंच. काही तास ठेवलं, वजन आणि चरबी मोजली, पाठीवर हलका रेडिओ टॅग लावला आणि सोडून दिल्या. एकही चिमणी मेली नाही. पण जास्त मात्रेवाल्या चिमण्यांचं वजन सहा तासांत ६ टक्क्यांनी घटलं, त्यांनी खाणंच जवळपास सोडलं, अंगातली चरबी गेली, आणि सोडल्यावर त्या त्याच जागी साधारण साडेतीन दिवस जास्त थांबून राहिल्या. मग निघून गेल्या. रजिस्टरमध्ये लिहायचं झालं तर सगळ्या जिवंत, सगळ्या बऱ्या झाल्या.

पण स्थलांतरात साडेतीन दिवस म्हणजे काय ते पक्षी बघणाऱ्याला विचारा. आधी पोचणाऱ्याला चांगली जागा मिळते, चांगला जोडीदार मिळतो, किड्यांचा सीझन सापडतो. उशिरा पोचणाऱ्याची पिल्लं कमी जगतात. आणि वाटेत असं एकच शेत लागत नाही, अख्खा मार्गच शेतांमधून जातो. हा पेपर वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो, कारण हा परिणाम आमच्या नेहमीच्या कुठल्याही टेस्टमध्ये सापडला नसता. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उशीर होतच नाही. त्याला जायचं कुठे असतं?

मधमाश्यांचंही तसंच. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या मिकाएल ऑन्री यांच्या टीमने मधमाश्यांच्या पाठीवर बारीक आरएफआयडी चिप, म्हणजे मशीनला ओळखता येणाऱ्या खुणा, चिकटवल्या, थायामेथॉक्झामची न मारणारी मात्रा साखरेच्या पाकातून दिली, पोळ्यापासून लांब नेऊन सोडल्या, आणि पोळ्याच्या दारात मशीन लावून किती परत आल्या ते मोजलं. औषध घेतलेल्यांतल्या कितीतरी जास्त माश्या परतल्याच नाहीत. हरवल्या. युरोपियन युनियनने या तिन्ही औषधांचा उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये थांबवला, पण तोपर्यंत त्यातल्या पहिल्याला, इमिडाक्लोप्रिडला, बाजारात येऊन दोन दशकांहून जास्त काळ झाला होता.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, बेडूक. म्हणजे टॅडपोल, बेडकाची शेपटीवाली पिल्लं. मी स्वतः अशा टाक्यांवर काम केलेलं असल्यामुळे इथे जरा जास्त लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

रिक रेलिया नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत. २००१ मध्ये त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला, तळ्यात टॅडपोल एकटा नसतो, त्याला खाणारे असतात, मग टेस्ट करताना ते का नसतात? म्हणून त्यांनी कार्बारिल हे कीटकनाशक घेतलं आणि काही टाक्यांच्या पाण्यात शिकाऱ्याचा वास सोडला. फक्त वास. टॅडपोलला तो वास आला की तो घाबरतो, कमी हालचाल करतो, कमी खातो. आणि निघालं काय, तर नुसत्या वासाने तेच कीटकनाशक दुपटी-चौपटीने जास्त घातक झालं. पुढे दुसऱ्या जातींवर केलं तेव्हा काहींत हा आकडा याहून खूप वर गेला. दुसरं असं की चार दिवसांच्या टेस्टमध्ये ज्या मात्रेने काही होत नव्हतं ती मात्रा दोन आठवडे राहिली तर टॅडपोल मरत होते. म्हणजे आपला तो चार दिवसांचा स्वच्छ आकडा हा भीती नसलेल्या, घाई नसलेल्या जगातला आकडा आहे.

आणि मग २००८ चं काम, रेलिया आणि निकोल डीक्स यांचं, हे मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला वाचायला देतो. मोठ्या टाक्या घेतल्या, त्यात खरं तळं उभं केलं, गाळ, पानं, शेवाळ, पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि दोन जातींचे टॅडपोल. त्यात मॅलॅथिऑन हे कीटकनाशक टाकलं, टॅडपोलला थेट काहीही होणार नाही इतकं कमी. मॅलॅथिऑन तसं पटकन मोडूनही जातं, रेंगाळत नाही. पण तेवढ्यात त्याने पाण्यातले झूप्लँक्टन, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म प्राणी, मारून टाकले, ते डोळ्यांना धड दिसतही नाहीत इतके बारीक. हे झूप्लँक्टन पाण्यात तरंगणारी हिरवी शेवाळं खातात. खाणारेच गेले म्हटल्यावर ती शेवाळं माजली, पाणी हिरवंगार झालं, तळापर्यंत ऊन पोचेना. तळाच्या दगडा-पानांवर जे शेवाळ चिकटून वाढतं ते उन्हाशिवाय खंगलं. आणि टॅडपोल खातात ते हेच. त्यामुळे टॅडपोल हळू वाढले, आणि तळं आटायच्या आत बेडूक होऊन बाहेर पडणं त्यांना जमलं नाही. ज्या जातीचे टॅडपोल झटपट मोठे होतात ते वाचले. लेपर्ड फ्रॉग नावाची जी जात सावकाश वाढते तिच्यातले निम्म्याच्या आसपास गेले. पाणी संपलं म्हणून गेले. त्यांच्या शरीरात विष शोधलं असतं तर सापडलंच नसतं!

आणि यातली मला सगळ्यात धक्कादायक वाटलेली गोष्ट अशी की एकदाच मोठा डोस टाकण्यापेक्षा दर आठवड्याला अगदी थोडं थोडं टाकलं तर परिणाम जास्त वाईट झाला. एकदा टाकलं तर झूप्लँक्टन पुन्हा वाढतात, सावरतात. दर आठवड्याला मारलं तर त्यांना सावरायला उसंतच मिळत नाही. आता शेतातली फवारणी कशी होते? सीझनभर, ठरावीक दिवसांनी, जवळच्या सगळ्या शेतांत थोडी पुढे-मागे. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याने लेबलवरची मात्रा अगदी काटेकोर पाळली तरी तळ्याला जे मिळतं ते दुसऱ्या प्रकारचंच असतं. म्हणून कुणी याचा दोष सरळ शेतकऱ्यावर टाकायला लागलं की मला ते पटत नाही. तळ्याच्या बाजूने हिशोब लेबल मंजूर करणाऱ्यांनी करायचा असतो.

अशाच साखळीचं दुसरं टोक जेसन रोर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या पाणथळ जागांमध्ये बेडकांच्या अंगात परजीवी कृमी कुठे जास्त सापडतात ते बघितलं आणि शेकडो घटक तपासले, तर ॲट्राझिन हे तणनाशक आणि खतातला फॉस्फेट हे दोन सगळ्यात वर आले. ॲट्राझिनने तरंगणारी शेवाळं मरतात, पाणी निवळतं, तळाचं शेवाळ वाढतं, ते खाऊन गोगलगायी वाढतात, आणि हे कृमी आधी गोगलगायीत वाढून मग बेडकात शिरतात. वर ॲट्राझिनमुळे बेडकाची प्रतिकारशक्तीही घटते. मॅलॅथिऑनच्या बरोबर उलटी साखळी आहे बघा, तिथे पाणी गढूळ झालं म्हणून बेडूक गेले, इथे पाणी निवळलं म्हणून आजारी पडले. नितळ पाणी बघून कुणाला वाईट वाटेल?

जपानमधल्या शिन्जी सरोवरात हे मोठ्या प्रमाणात झाल्याचं दिसतं. आजूबाजूच्या भातशेतीत १९९३ मध्ये इमिडाक्लोप्रिड आलं, आणि तिथल्या नोंदींत त्याच सुमाराला झूप्लँक्टन ८३ टक्क्यांनी घटले, आणि ते खाऊन जगणाऱ्या स्मेल्ट माशाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आलं. २०१९ मध्ये मासुमी यामामुरो यांच्या टीमने हे मांडलं. हे नोंदींवरून केलेलं काम आहे, प्रयोग नाही, दुसरी कारणं वगळायचा त्यांनी प्रयत्न केलाय पण नोंदींना नोंदींच्या मर्यादा असतातच. तरी माशाला थेट विष लागलं नाही, त्याचं अन्न गेलं, ही गोष्ट टाक्यांतल्या प्रयोगांशी इतकी जुळते की मला ती बाजूला ठेवता येत नाही.

केमिकल नाहीसं झालं की काळजी मिटली असंही आपण धरून चालतो. ट्रेनबोलोन नावाचं एक हार्मोन आहे, काही देशांत मांसासाठी पाळलेल्या गुरांना वजन वाढावं म्हणून देतात. गुरांच्या शेणा-मुतातून त्याचे घटक ओढ्यात जातात, उन्हात भराभर मोडतात, म्हणून ते निर्धोक मानले जायचे. २०१३ मध्ये 'सायन्स' मध्ये आलेल्या कामात दिसलं की दिवसा उन्हात मोडलेले हे घटक अंधारात परत जुळतात. दिवसा सॅम्पल घेतलं तर कमी, रात्री परत वाढलेलं. आणि आम्ही सॅम्पल घ्यायला कधी जातो, तर दिवसाच.

मिश्रणांचा प्रश्न तर वेगळाच. आताची मशीन पाण्यात अब्जांशाहूनही कमी असलेलं केमिकल सहज पकडतात, आणि शेताजवळच्या कुठल्याही ओढ्याचं सॅम्पल लावलं तर एक नाव येत नाही, यादी येते, तणनाशकं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं, त्यांचे मोडलेले तुकडे. प्रत्येकाच्या पुढे लिहिलेलं, मर्यादेच्या आत. २००२ मध्ये आंद्रेआस कोर्टेनकँप यांच्या गटाने पेशींवर काम करून दाखवलं होतं की इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी वागणारी आठ केमिकल्स, प्रत्येक एवढं कमी की एकट्याने त्याचा परिणाम दिसत नाही, एकत्र दिली तर स्पष्ट परिणाम दिसतो. मर्यादा एकेकट्याची ठरवायची आणि ओढ्याला मात्र सगळी एकदम प्यायला लावायची, याला मी शास्त्र म्हणणार नाही, ही प्रशासनाची सोय आहे.

जेव्हा मरण दिसतं तेव्हा आपण किती चटकन हलतो हेही बघण्यासारखं आहे. स्वेन्सन्स हॉक नावाचा शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानात जातो, तिथे त्याचं खाणं म्हणजे नाकतोडे. १९९० च्या दशकात पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावल्यावर तो जातो कुठे हे नेमकं कळलं, आणि संशोधक तिथे पोचले तर शेतांच्या कडेच्या झाडांखाली मेलेल्या पक्ष्यांचा खच. नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस मारत होते, आणि पक्षी नाकतोडे खायला नेमके फवारणीच्याच वेळी शेतात उतरत होते. मेंदूतलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम तपासलं की ऑर्गनोफॉस्फेटचं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस ज्या गटातलं आहे त्या कीटकनाशकांचं, विष लगेच कळतं, इथेही कळलं. १९९५-९६ च्या एका सीझनमध्ये साधारण २०,००० पक्षी मेले असा अंदाज होता. त्यानंतर सरकार, बनवणारी कंपनी, पक्षीप्रेमी संघटना आणि शेतकरी असे सगळे एकत्र बसले, त्या भागातून ते औषध काढून घेतलं गेलं, आणि पुढच्या सीझनपासून मरणं एकदम खाली आली. इतक्या कमी वेळात. मला हे उदाहरण फार धीर देतं, आणि त्याच वेळी चिमण्यांचे साडेतीन दिवस आठवतात, ज्यांच्या झाडाखाली खच पडत नाही, म्हणून ज्यांच्यासाठी कुणी एकत्र बसत नाही.

मला काय हवंय असं कुणी विचारलं तर माझी मागणी फार मोठी नाहीये. परवानगी दिल्यावर काम संपलं असं समजू नये, विकलं जाणारं प्रत्येक औषध शेतात गेल्यानंतरही तपासलं जावं, तळ्यात, घरट्यात, स्थलांतराच्या वाटेवर, आणि त्याचा खर्च ते विकणाऱ्याने द्यावा पण काम त्याच्या हातात नसावं. दुसरं म्हणजे आज गोळा केलेलं जपून ठेवावं. रॅटक्लिफला ती जुनी अंडी मिळाली नसती तर १९४७ ची ती रेघ कुणालाच दिसली नसती, आणि ज्यांनी ती गोळा केली त्यांना डीडीटी माहीतही नव्हतं.

जर्मनीत हे सरकारी पातळीवर चालतं. १९८० च्या दशकापासून तिथे ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या पद्धतीने सॅम्पल गोळा करतात, समुद्रपक्ष्यांची अंडी, मासे, शिंपले, झाडांची पानं, आणि ती दळून द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवतात, पुढे कधीतरी कुणाला काही शोधायचं असेल म्हणून. हे सगळं प्रदूषण मोजायला होतं. २०२२ मध्ये हेन्रिक क्रेहेनविंकेल आणि सहकाऱ्यांनी तीसेक वर्षांच्या त्याच पानांच्या पावडरीतून डीएनए काढला, आणि त्या पानांवर तेव्हा कोणकोणते किडे, कोळी वावरून गेले होते त्याची यादी मिळवली. सरसकट सगळे किडे संपले असं त्यात निघालं नाही, पण जाती बदलत गेल्या आणि वेगवेगळ्या जंगलांमधले किडे हळूहळू एकसारखे होत गेले असं निघालं. पानं गोळा करणाऱ्यांनी १९८० च्या दशकात किड्यांचा विचारही केला नव्हता, पानातून असा डीएनए वाचता येईल हे तेव्हा कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

असं काम चालू ठेवायला दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच झाडांकडे, त्याच पद्धतीने पानं तोडायला माणसं पाठवावी लागतात, वर्षानुवर्षं, हातात लगेच काही पेपर येणार नाही हे माहीत असून. आणि त्याच्यासाठी पैसे मागायला गेलं की नव्या मशीनसाठी मिळतात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, कारण अर्जात एक रकाना असतो, यातून नेमकं काय सिद्ध होणार आहे, आणि तिथे खरं उत्तर लिहायचं तर "अजून पंचवीस-तीस वर्षांनी कळेल" असं लिहावं लागतं.